लस टोचली आणि खांदा धरला: भरपाई मागायची कुणाकडे?

पत्र:

मी ऐरोलीत राहते, वय ४७. घरून पोळी-भाजीचे डबे देते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मैत्रिणीबरोबर ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात जाऊन १,८०० रुपये भरून फ्लूची लस घेतली. ब्लाउजची बाही घट्ट होती आणि सिस्टर घाईत होत्या. बाही वर सारण्याऐवजी त्यांनी गळ्याकडून ब्लाउज खांद्यावरून खाली ओढला आणि उभ्या उभ्याच सुई दिली. त्याच रात्री उजवा खांदा ठणकू लागला. तिसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे गेले, मग हाडांच्या डॉक्टरांकडे. एमआरआयमध्ये बर्सायटिस, म्हणजे सांध्याजवळच्या पिशवीला सूज, निघालं. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं, सहा महिने फिजिओ झाली. पंधरा महिने होत आले, अजून हात डोक्यापर्यंत नीट जात नाही. डबे निम्मे झाले आणि पोळ्या लाटायला एक मावशी ठेवाव्या लागल्या.

न्यू जर्सीतली माझी नणंद म्हणते की तिकडे याच दुखण्यासाठी सरकार भरपाई देतं, तूही केस कर. हॉस्पिटलच्या मॅनेजरने व्हॉट्सॲपवर ‘झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’ असं लिहिलं. दहा फिजिओ सिटिंग फुकट देतो म्हणतात, पण एका कागदावर सही मागतात. आमचे मिस्टर म्हणतात, डॉक्टरांशी कोर्टात भांडून कुणाचं भलं झालंय? मला थोडी शुगरही आहे. काय करू? आणि यंदा लस घेतलेली नाही, ती घ्यावी का?

उत्तर:

ताई, त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सविस्तर लिहितेच, पण हॉस्पिटलचा माणूस उद्या सकाळी दारात उभा राहिला तर निदान एवढं तुम्हाला माहीत असावं. अशा कागदावर बहुतेक वेळा ‘माझी यापुढे कोणतीही तक्रार नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य असतं. ते दहा सिटिंगमध्ये देऊन टाकण्याएवढं स्वस्त नाही. फिजिओची गरज तुम्हाला आहेच, तेव्हा सिटिंग हवी असतील तर जरूर घ्या. मात्र आधी लेखी कळवा की ‘माझे कायदेशीर हक्क राखून मी हे उपचार घेत आहे.’ त्यावर त्यांनी हात आखडता घेतला, तर सिटिंग कशासाठी देत होते ते उघडच आहे.

तुमची नणंद खोटं बोलत नाही. अमेरिकेत १९८६ साली यासाठी कायदा झाला आणि १९८८पासून लशीमुळे झालेल्या इजांसाठी वेगळा निधी चालतो. यादीतल्या लशीच्या दर डोसवर, ती जितक्या रोगांवरची असेल तितक्या वेळा ७५ सेंट कर बसतो आणि त्या पैशातून भरपाई दिली जाते. तिथे नर्सशी किंवा कंपनीशी भांडावं लागत नाही. दावा सरकारच्या आरोग्य खात्यावर होतो आणि एका खास न्यायालयात चालतो. सुई चुकीच्या जागी गेल्यामुळे होणारी खांद्याची इजा मार्च २०१७पासून त्यांच्या तक्त्यात आहे. तिकडचे वकील तिला ‘सिर्वा’ म्हणतात. अटी थोडक्यात अशा: त्या खांद्याचा आधी काही त्रास नसावा, दुखणं लस घेतल्यापासून ४८ तासांत सुरू झालेलं असावं, ज्या खांद्यात सुई दिली तेवढ्यापुरतंच असावं, दुसऱ्या कशाने ते झालं असं दिसू नये, आणि परिणाम सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा. अर्ज पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांच्या आत करायचा. वेदनेपोटी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात आणि वकिलाची फीसुद्धा निधीतूनच जाते. नणंदेला ते सोपं वाटलं, यात नवल नाही. पण ठाण्यात घेतलेल्या तुमच्या लशीला त्या निधीत जागा नाही, तिने तिकडून अर्ज भरला तरी.

आपल्याकडे तसा कर नाही आणि तसं न्यायालयही नाही. इथे ‘लस घेतली आणि खांदा गेला’ एवढं सांगून भागत नाही. सुई देणाऱ्याने निष्काळजीपणा केला आणि त्यामुळेच हे झालं, या दोन्ही गोष्टी तुम्हालाच दाखवाव्या लागतात. तुमच्या प्रकरणाचा सगळा भार यावर आहे. अमेरिकेच्या अटींना इथे कायदा म्हणून किंमत नसली, तरी आपलं प्रकरण किती भक्कम आहे हे त्या अटींवर ताडून पाहता येतं. पत्रावरून तरी तुम्ही त्या पुऱ्या करता असं दिसतं.

आता हे होतं कसं ते समजून घ्या, कारण पुढे वकिलाला, ग्राहक आयोगाला आणि आधी घरच्यांना तुम्हालाच समजवावं लागेल. दंडावरची लस डेल्टॉइड नावाच्या जाड स्नायूत द्यायची असते. खांद्याच्या टोकाशी जे हाड हाताला लागतं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली. त्या हाडाच्या लगत, स्नायूच्या खाली बर्सा नावाची एक पातळ पिशवी असते. ती हाडाचं आणि स्नायूबंधांचं घर्षण कमी करते. सुई फार वर गेली की लस स्नायूऐवजी त्या पिशवीत किंवा तिच्या आसपास उतरते. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणं हे लशीचं कामच आहे. स्नायूत ते दोन-तीन दिवसांच्या ठणक्यावर भागतं, पण पिशवीत सूज धरली की ती महिनोन्महिने हटत नाही. म्हणजे दोष लशीचा नाही, जागेचा आहे. तुमच्या तक्रारीत लशीविरुद्ध एक शब्दही येऊ देऊ नका. लस वाईट असं म्हटलंत की समोरच्या वकिलाला कंपनी, सरकार आणि जगभरचा अभ्यास तुमच्यापुढे उभा करता येतो. सुई वर दिली एवढंच म्हटलंत, तर उत्तर एकट्या हॉस्पिटलला द्यावं लागतं.

म्हणून तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कुठलं म्हणाल, तर ब्लाउज गळ्याकडून खाली ओढल्याचं. कापड वरून खाली ओढलं की उघडा पडतो तो खांद्याचा वरचा भाग. दंडाचा मधला भाग कापडाखालीच राहतो. तुम्ही बसलेल्या असाल आणि देणारी उभी असेल, तर तिचा हात आणखी वर पडतो. परकरी मुलीपासून आजीपर्यंत आपल्याकडे घट्ट बाहीची हीच रड आहे. सेंटरवर बाही वर करायला एक आडोसा, एक पडदा असायला किती खर्च येतो, असं मला नेहमी वाटतं. लस म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बाळाची मांडी येते. मोठ्यांचे दंड एवढ्या संख्येने रांगेत उभे राहिले ते कोविडच्या वेळी, २०२१मध्ये. असो. तुमची मैत्रीण त्या वेळी खोलीत होती का, तिने हे पाहिलं का, हे आजच विचारा. पाहिलं असेल तर ती तुमची साक्षीदार आहे. आठवण ताजी आहे तोवर तिच्याकडून तारखेसह लिहून घ्या. शपथपत्र पुढे करता येईल.

हॉस्पिटल काय म्हणेल, तेही मी आत्ताच सांगू शकते. चाळिशी-साठीतल्या बायकांना खांदा आखडण्याचा त्रास तसाही होतो, शुगर असलेल्यांना जास्त होतो, यांना होणारच होता, लशीशी संबंध नाही. यातला पहिला भाग वैद्यकीयदृष्ट्या खरा आहे, त्यामुळे तो हसण्यावारी नेऊ नका. पण आपोआप आखडणारा खांदा बहुधा हळूहळू, आठवडे-महिने घेत आखडतो. ज्या हातात सुई दिली त्याच हातात, त्याच रात्री एकदम ठणका, हे चित्र वेगळं आहे. हा फरक कागदावर कुठे दिसतो? तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या तिसऱ्या दिवसाच्या केसपेपरवर. त्यात ‘लस घेतल्यापासून उजवा खांदा दुखतो’ असं लिहिलेलं असेल, तर तो कागद एमआरआयपेक्षाही जपून ठेवा. मूळ कागद स्वतःजवळ, सगळीकडे झेरॉक्स. त्याबरोबर आधीच्या एक-दोन वर्षांतले शुगरचे रिपोर्टही लावा. शुगर लपवली आणि नंतर त्यांनी ती काढली, तर तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल.

हॉस्पिटलकडचे कागद लगेच मागा. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. पण त्या तीन वर्षं जपून ठेवण्याचं बंधन दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींपुरतं आहे. लस कुणी दिली, कुठल्या हातात दिली, बॅच नंबर काय, संमतिपत्र, बिल, आणि नंतर तुम्ही तक्रार केलीत तेव्हा त्यांनी काही टिपलं असेल तर तेही मागा. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. त्यांनी कागद दिले नाहीत, तर ती गोष्टही पुढे तुमच्याच बाजूने बोलते.

मॅनेजरचा तो मेसेज पुसला जाऊ देऊ नका. नुसता स्क्रीनशॉट काढून फोन बदलू नका, फोनच सांभाळून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील. मात्र त्या ‘दिलगीर आहोत’वर फार विसंबू नका. ती चूक झाल्याची कबुली आहे असं तुम्ही म्हणाल, ते म्हणतील नुसता सौजन्याचा शब्द होता.

हाडांच्या डॉक्टरांकडून एक पत्र लागेल. ते घेणं जड जातं. एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहायला तयार नसतो आणि त्यांचंही एका अर्थी बरोबर आहे, सुई देताना ते तिथे नव्हते. म्हणून ‘हॉस्पिटलची चूक आहे असं लिहा’ म्हणून मागे लागू नका. तपासणीत काय आढळलं, हात किती वर जातो, एमआरआयमध्ये काय आहे, आणि हे सगळं खांद्यात वर दिलेल्या इंजेक्शननंतर होणाऱ्या इजेशी जुळतं का, एवढंच त्यांनी लिहावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या एका निकालात म्हटलं आहे की प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचं मत असायलाच हवं असं नाही. पण तुमच्या प्रकरणात मुद्दा शरीराच्या आतला आहे, त्यामुळे असं पत्र हाताशी असलेलं बरं.

दावा कुणावर? हॉस्पिटलवर. सिस्टरवर नाही. हे मी निव्वळ दयेपोटी म्हणत नाही, जरी दिवसभर रांग उरकणाऱ्या त्या बाईला किती पगार असेल याचा विचार मनात येतोच. हॉस्पिटल आपल्या कर्मचाऱ्यांच्या कामाला जबाबदार असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. १९९८मध्ये स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या प्रकरणात नर्सने चुकीचं इंजेक्शन दिल्याने एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांसाठी वेगळे पाच लाख रुपये हॉस्पिटलकडून देववले गेले. २००४मध्ये सविता गर्ग यांच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की इलाज करणाऱ्या डॉक्टरचं नाव दाव्यात नसलं म्हणून तक्रार बाद होत नाही. काळजी घेतली होती हे दाखवायची जबाबदारी हॉस्पिटलवर येते.

जागा म्हणजे ग्राहक आयोग, ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५पासून पक्कं आहे. २०१९चा नवा कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून सुटले असा दावा काहींनी केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१मध्ये फेटाळला. तुम्ही १,८०० रुपये मोजलेत, म्हणजे तुम्ही ग्राहक आहात. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते अशा पालिकेच्या केंद्रात लस घेतली असेल तर हा रस्ता बंद आहे, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. मात्र नोकरीच्या अटींनुसार कंपनीने पैसे भरले असतील, तर तुम्ही ग्राहकच ठरता.

आता घड्याळाकडे बघा. तक्रार करायची मुदत दोन वर्षं, आणि ती लशीच्या दिवसापासूनच धरून चाला. पंधरा महिने गेले, नऊ उरले. ‘उपचार अजून चालू आहेत, म्हणून मुदत पुढे सरकते’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि त्याच्या भरवशावर राहू नका. उशीर माफ करता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं, आणि ‘हॉस्पिटल बोलणी करत होतं’ हे कारण चालेलच असं नाही. गोड बोलून वेळ काढणं हे समोरच्याचं हत्यार असू शकतं, हे विसरू नका.

तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हॉस्पिटल कुठेही असो. तुमचं दोन्ही ठाणे जिल्ह्यातच आहे. जिल्ह्याचा अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात बसत आला आहे, तुम्हाला तो ठाण्यापेक्षा सोयीचा पडेल. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते आणि व्हिडिओवरून सुनावणी मागता येते. कोणत्या पातळीच्या आयोगाकडे जायचं, हे आता तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, सेवेसाठी किती पैसे मोजलेत यावर ठरतं. पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर तक्रारीची फी शून्य. तुमचे तर १,८०० आहेत.

वकील सक्तीचा नाही. पण वैद्यकीय प्रकरणात एकटीने उभं राहू नका. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे आणि आपल्या निम्म्या बायकांना तो माहीत नसतो. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मुंबई ग्राहक पंचायतीकडूनही मार्गदर्शन मिळू शकेल.

आधी नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, तरीही पाठवा. तीस दिवसांची मुदत द्या. माझा अंदाज असा की दहा सिटिंगवरून गोष्ट रकमेवर यायला नोटीसच पुरी पडेल, कारण हॉस्पिटलकडे बहुधा विमा असतो आणि विमा कंपनीला लेखी मागणी लागते. तीस दिवसांत काही हललं नाही तर तक्रार दाखल करा. मग त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही वाढवून मिळत नाही, हे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच ठरवलं. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, हे मात्र मनाशी धरूनच पाऊल टाका. मध्येच आयोगाने मध्यस्थीकडे पाठवलं तर नाही म्हणू नका.

मागायचं किती? इथे नणंदेचे डॉलर डोक्यातून काढा. ‘मागायला काय जातं’ म्हणून पन्नास लाख लिहिले, तर वाचणारा पहिल्या पानावरच नाराज होतो. खर्च पुराव्यानिशी मांडा: डॉक्टर, एमआरआय, इंजेक्शन, फिजिओ, रिक्षा. मावशींचा पगार, त्यांच्या सहीच्या पावतीसह. बुडालेली कमाई दाखवणं तुमच्यासाठी सगळ्यात अवघड, कारण डब्याच्या धंद्याला सॅलरी स्लिप नसते. पण तुमच्याकडे डब्यांची वही असेल, जीपेचे महिन्याचे हिशेब असतील, गॅस सिलिंडरच्या आणि वाण्याच्या पावत्या असतील. लशीआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने शेजारी शेजारी मांडा, आकडे आपोआप बोलतील. ज्यांचे डबे बंद करावे लागले अशा दोन-तीन गिऱ्हाइकांकडून तसं लिहून घ्या. यावर वेदनेची आणि मनस्तापाची रक्कम वेगळी मागा. केस विंचरणं, ब्लाउजचे हूक लावणं, दोरीवर कपडे टाकणं, ऐरोलीहून लोकलमध्ये वरची कडी धरणं, यातलं काय जमतं आणि काय नाही, हे साध्या भाषेत लिहा.

पोलिसांत जाऊ नका. फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये ठरवलं आहे, आणि तुमची गोष्ट तिथे बसत नाही. मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकते, पैसे देववू शकत नाही. एक काम मात्र भरपाईसाठी नसलं तरी करा: ही घटना औषधांच्या दुष्परिणामांच्या सरकारी नोंदणीत कळवा. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल-फ्री क्रमांक आहे.

मिस्टरांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. तुमच्या प्रकरणाचा कच्चा दुवा हा की सुई नेमकी किती वर गेली, याची नोंद कुठेच नसणार. मैत्रिणीने पाहिलं असेल आणि तिसऱ्या दिवसाचा केसपेपर नीट असेल, तर मी म्हणेन की पुढे जा. दोन्ही नसेल, तर नोटीस देऊन जे पदरात पडेल त्यावर मिटवा, मात्र रक्कम लेखी आणि चेकने. कोणत्याही परिस्थितीत फिजिओ थांबवू नका. खांद्यासाठी तर नाहीच, आणि ‘यांनी स्वतःच उपचार सोडले’ असं म्हणायला त्यांना जागा मिळू नये म्हणूनही.

लसीबद्दल: शुगर आहे, म्हणजे फ्लूचा त्रास तुम्हाला इतरांपेक्षा जास्त होऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि ते घ्या म्हणाले तर घ्या, डाव्या दंडात. सैल बाहीचा किंवा बिनबाह्यांचा कपडा घालून जा, खुर्चीत बसा, आणि देणाऱ्या सिस्टरनाही समोर स्टूल घेऊन बसायला सांगा. खांद्याच्या हाडाखाली तीन बोटं मोजून दाखवायला लाजू नका.